उजव्या कडेचा गडी

मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला महाविद्यालयात तीन कामे हटकून येतात. निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, प्रमुख पाहुण्यांचे आभार मानायचे, आणि ज्या समितीवर जायला दुसरे कोणी राजी नसेल त्या समितीवर जायचे. जिमखाना समिती माझ्याकडे आली ती या तिसऱ्या वाटेने. खेळाचे आमचे सहकारी निवृत्त झाले. 'त्यांच्या जागी माणूस येईपर्यंत तात्पुरते तुम्ही बघा,' असे मला सांगण्यात आले, आणि 'तात्पुरते' या शब्दाला आपल्याकडे जो भक्कम अर्थ आहे त्या अर्थाने मी ते काम सहा वर्षे पाहिले. घरी ही वार्ता सांगितली तेव्हा बायको कणीक मळत होती. तिने एकवार मला नखशिखान्त न्याहाळले आणि "खेळणार कोण? तुम्ही की मुलं?" एवढेच विचारले.

आमच्या कर्जत-खालापुरात खेळ म्हणजे कबड्डी, नाही तर टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट. फुटबॉल इथे तसा पाहुणाच. पण दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की डोंगराकडेच्या वाड्यांवरची पोरे एखादे सपाट खाचर पाहून घेतात, दोन बाजूंना बांबू रोवतात, आणि मग चार महिने धसकटांतून अनवाणी धावतात. अशाच एका खाचरात मला 'टिटवी' भेटला. हे त्याचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नकोच. तो आमच्याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता आणि माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे. मैदानावर मात्र नजर त्याच्यावरून हटत नसे. टिटवी जशी बांधाच्या कडेने दोन पावले तुरुतुरु पळते, एकदम थबकते, आणि आपण तिला विसरलो की पुन्हा पळते, तसा तो चेंडू घेऊन पळे. समोरचा गडी थबकला की हा निघालेला असायचा. पोरांनी नाव अगदी चपखल ठेवले होते.

तो उजव्या कडेने खेळे. याला हल्ली 'विंगर' म्हणतात. जुनी मंडळी 'राइट आउट' म्हणत. कबड्डीतला कोपरा जसा रेघेला चिकटून उभा असतो आणि चढाई करणाऱ्याने पाय पुढे टाकेपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसतो, तशीच ही जागा. मैदानाच्या पांढऱ्या रेघेलगत उभे राहायचे. चेंडू येईल तेव्हा येईल. आला की एका माणसाला चकवायचे, कधी दोघांना, आणि कडेवरून चेंडू मधोमध उचलून द्यायचा. तिथे उभा असलेला गडी डोके लावतो, गोल होतो, आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. कर्जत स्टेशनात गाडीच्या मागे घाटासाठी जादा इंजिने लावतात. ती बिचारी सारा चढ ढकलत नेतात आणि लोणावळ्याला मुकाट्याने सुटतात. मी टिटवीला हे उदाहरण मोठ्या ऐटीत दिले होते. तो म्हणाला, "सर, इंजिनाला वाईट नाय वाटत."

मी कर्जतला राहतो. महाविद्यालय खोपोलीच्या बाजूला. संध्याकाळच्या लोकलने परतताना टिटवी केळवलीपर्यंत माझ्यासोबत असे. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली : जेमतेम पाव तासाचा प्रवास. एवढ्या वेळात मराठीच्या मास्तराने काय करावे? मी त्याला गोष्ट सांगू लागलो. फुटबॉलचे माझे ज्ञान म्हणजे १९९० साली शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर पाहिलेला मॅराडोना. म्हणून आधी ग्रंथालयात बसून वाचले, आणि वाचता वाचता मला एक पाखरू सापडले. 'गॅरिंचा' हे एका चिमुकल्या पाखराचे नाव. मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस नावाच्या ब्राझीलमधल्या पोराला ते त्याच्या बहिणीने दिले. आमच्या टिटवीच्या बारशाला असा जुना दाखला मिळाल्यावर मी कसला गप्प बसतो!

या गॅरिंचाचा जन्म १९३३ सालचा, रिओ द जानेरोच्या उत्तरेला डोंगराच्या कुशीतल्या पाउ ग्रांदे या गावातला. गाव कसले, एका कापडगिरणीची वसाहत ती. घरे गिरणीची, दुकान गिरणीचे, फुटबॉलचे मैदानही गिरणीचे. पोराचे पाय पाहावेत तर उजवा आत वळलेला, डावा बाहेर वळलेला, आणि एक दुसऱ्यापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर आखूड. दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले, वाऱ्याने कललेल्या भातासारखे. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामात त्याचे लक्ष म्हणाल तर माझ्या तासाला टिटवीचे असे तेवढेच. पण गिरणीच्या संघात तो खेळे, म्हणून नोकरी टिकून राहिली. मुंबईच्या गिरण्यांनी कबड्डीच्या गड्यांना अशाच नोकऱ्या दिल्या होत्या. त्यामुळे हे टिटवीला समजावून सांगावे लागले नाही, उलट "अशी गिरणी आता कुठं हाय?" असे त्याने विचारले, आणि गाडी केळवलीला आली हे माझे भाग्य.

१९५३ साली रिओच्या बोताफोगो क्लबात त्याची चाचणी झाली. समोर बचावाला उभा होता नील्तोन सान्तोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला नामांकित खेळाडू. गॅरिंचाने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून नेला. नील्तोनचा मोठेपणा असा, की या वाकड्या पायांच्या पोराला ताबडतोब क्लबात घ्या, असा आग्रह त्यानेच धरला. हा प्रसंग मी डब्यात उभा राहून करून दाखवला. एका भाजीवालीची टोपली उलटली आणि लौजी ते डोलवली आम्ही दोघे वांगी गोळा करीत होतो.

१९५८ साली स्वीडनमध्ये विश्वचषक झाला. ब्राझीलच्या संघाबरोबर एक मानसशास्त्रज्ञ होता. त्याने खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या, आणि गॅरिंचा व सतरा वर्षांचा पेले यांना अशा मोठ्या सामन्यांत खेळवू नये असा निष्कर्ष काढला. (परीक्षक म्हणून वीस वर्षे काढलेल्या मला या गृहस्थाविषयी एक प्रकारची बंधुभावाची सहानुभूती वाटते.) पहिले दोन सामने गॅरिंचा बाहेर बसला. तिसरा रशियाविरुद्ध. त्यात तो आणि पेले दोघेही उतरले. पहिल्याच मिनिटात त्याने रशियन बचाव फाडून चेंडू गोलच्या खांबावर आदळला, पाठोपाठ पेलेनेही खांब हलवला, आणि तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. गाब्रिएल आनो या फ्रेंच पत्रकाराने ती तीन मिनिटे फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत थोर मिनिटे ठरवली. अंतिम सामन्यात स्वीडनवर ५-२ असा विजय मिळाला. पहिले दोन गोल वावाचे, दोन्ही गॅरिंचाने उजव्या कडेवरून दिलेल्या चेंडूवर. घाटातले इंजिन!

मग १९६२, चिली. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि कडेचा गडी मधोमध आला. उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडला दोन गोल, उपान्त्य फेरीत यजमान चिलीला दोन गोल. त्या सामन्यात त्याला बाहेर काढले, तरी अंतिम सामन्यात खेळण्याची मुभा मिळाली. आणि त्या दिवशी, १७ जूनला, तो अंगात ताप घेऊन खेळला. ब्राझील ३-१ असे जिंकले.

या तापाची हकीकत मी फार रंगवून सांगितली. श्रोता चांगला मिळाला की शिक्षकाचे भान सुटते. अंग फणफणले आहे, डोळे लाल झाले आहेत, तरी गडी रेघेवर उभा, असे मी सांगत होतो. यातले किती वाचलेले आणि किती माझ्या पदरचे, हे त्यानंतर मीच मला पुष्कळदा विचारले आहे. टिटवी केळवलीला उतरला नाही. पळसदरीपर्यंत आला आणि उलट्या गाडीने परत गेला.

गोष्ट तिथेच थांबली. परीक्षा आल्या. पुढचे सत्र सुरू झाले तेव्हा टिटवी कुठून तरी कळलेल्या चाचणीसाठी मुंबईला जाऊन आला होता आणि एका क्लबाने त्याला घेतले होते. मोठा क्लब नव्हे, खालच्या श्रेणीतला. पण राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि महिन्याला थोडे पैसे. त्याची आई वीटभट्टीवर जाणारी. ती मला भेटायला महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आली आणि आत काही येईना. मीच बाहेर गेलो. "गुरुजी, जाऊ देऊ?" तिने विचारले. मी म्हणालो, जाऊ द्या. त्याची हजेरी मी सांभाळून घेतली. हे लिहू नये, पण लिहितो.

पुढच्या वर्षी, पाऊस उघडल्यावर, तो मला त्याच संध्याकाळच्या गाडीत भेटला. समोरच्या बाकावर उजवा पाय सरळ पसरून बसला होता. मी चौकशी केली, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, तुमचा तो ताप मला जाम महाग पडला."

त्याचे झाले होते ते असे. एका सामन्यात गुडघा मुरगळला, सुजला. पुढचा सामना चार दिवसांवर. दुखणे मारायचे इंजेक्शन घेऊन तो खेळला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा खेळताना गुडघ्याच्या आत काही तरी तटकन तुटल्याचे त्याला ऐकू आले. आतला अस्थिबंध गेला होता. क्लबाने गाडीभाडे देऊन घरी पाठवले.

"कुणी जबरदस्ती केली?" मी विचारले.

"नाय ना. ते विचारत होते, खेळशील का? मीच बोललो, खेळतो. गॅरिंचा तापात खेळला होता." मग खिडकीबाहेर पाहत, तासाला पाहायचा तसाच, तो म्हणाला, "दवाखान्यात बसल्या बसल्या मोबाइलवर त्याचं पुढचं सगळं बघितलं. सर, तुम्ही बासष्टलाच का थांबलात?"

मी म्हणालो, "परीक्षा आल्या होत्या, अरे."

हे खोटे होते. पुढची गोष्ट मला ठाऊक होती. मी ती मुद्दाम सांगितली नव्हती. कारण पुढच्या गोष्टीत दारू होती, आणि टिटवीचे वडील कशाने गेले हे मी वाडीतल्या लोकांकडून ऐकले होते. पोरगा आता कुठे डोके वर काढतो आहे, त्याच्यापुढे ते कशाला आणा, असा मी विचार केला, आणि आपण किती समंजस आहोत याचे मला मनातून बरेही वाटले. पण दारू वगळायची म्हणून मी गोष्ट जिथे कापली, तिथेच गॅरिंचाचा गुडघाही कापला गेला. टिटवीला ऐकायची गरज होती ती त्या गुडघ्याची.

तर ती राहिलेली गोष्ट अशी. ज्या वाकड्या पायांवर सारी जादू होती, त्यांनीच गुडघ्याची कूर्चा झिजवली. १९६२ नंतर गुडघा वरचेवर सुजू लागला. डॉक्टर शस्त्रक्रियेचे नाव काढीत, पण क्लबाचे परदेश दौरे असत आणि गॅरिंचा खेळणार म्हटल्यावर पैसे जास्त मिळत. मग गुडघ्यात सुई टोचायची आणि मैदानात उतरायचे. हा माणूस कराराच्या कोऱ्या कागदावरही सही करी असे सांगतात. तो कसला नाही म्हणतो! शस्त्रक्रिया झाली ती १९६४ साली, फार उशिरा. त्यानंतर तो जुना गॅरिंचा पुन्हा कोणाला दिसला नाही. १९६६ साली इंग्लंडमधल्या विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध त्याने एक सुरेख गोल केला, आणि तीन दिवसांनी हंगेरीविरुद्ध ब्राझील ३-१ असे हरले. गॅरिंचा खेळत असताना ब्राझीलचा झालेला तो एकमेव पराभव, आणि तोच त्याचा देशाकडून शेवटचा सामना. पेले आणि गॅरिंचा दोघेही मैदानात असताना ब्राझील कधीच हरले नाही. त्या दिवशी पेले नव्हता.

बोताफोगो सुटले, मग एक क्लब, दुसरा क्लब, कुठे काही सामने, कुठे नुसतीच हजेरी. दारू आधीपासून होतीच, ती वाढली. १९६९ साली तो चालवीत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्याची पत्नी, प्रसिद्ध गायिका एल्झा सोआरेस, हिची आई त्यात गेली. १९७३ च्या डिसेंबरात माराकाना मैदानावर त्याच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला, त्याला लाखाहून अधिक लोक आले. पैसे आले तसे गेले. १९८० च्या कार्निव्हलमध्ये त्याला सजवलेल्या रथावर बसवून मिरवले. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे तो शून्य नजरेने पाहत होता. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारूने तो गेला. अग्निशामक दलाच्या गाडीवरून त्याला गावाकडे नेले तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. 'लोकांचा आनंद' असे त्याला म्हणत, ते त्या दिवशीही खोटे नव्हते.

त्याला पुरले त्या गावाचे नाव राइझ दा सेरा. अर्थ डोंगररांगेचे मूळ, म्हणजे आपण ज्याला घाटाचा पायथा म्हणतो ते. ब्राझीलची पहिली आगगाडी १८५४ साली धावली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर एका वर्षाने, आणि १८५६ साली ती या पायथ्यापर्यंत पोचली. त्याच १८५६ साली आपली गाडी खोपोलीला आली आणि पुढे घाट आडवा आला म्हणून तिथे थांबली. तिथेही पुढचा चढ चढायला निराळी दातेरी वाट करून खास इंजिने लावावी लागली. हे मी वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. सारी पृथ्वी ओलांडून गेलो तरी शेवटी आपण खोपोलीलाच उतरतो की काय! २०१७ साली तर बातमी आली, की तिथल्या दफनभूमीत गॅरिंचाच्या अस्थी नेमक्या कुठे आहेत हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

हे सारे टिटवीला माझ्याआधीच माहीत झाले होते. त्याला हवे होते दुसरेच. एकदा त्याने विचारले, "सर, मधला कुणी नाय का? एवढा मोठा पण नाय, आणि असा वाया गेलेला पण नाय. आपल्याकडचा?"

मी आधी नेव्हिल डिसूझाचे नाव घेतले : मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करणारा. भारत ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथा आला. टिटवीने मान हलवली. "तो मधोमध खेळणारा, सर. कडेचा सांगा."

मग शोधून काढला रोमियो फर्नांडिस. दक्षिण गोव्यातला मुलगा, १९९२ चा जन्म, जागा कडेची. आधी धेंपो क्लब, मग २०१४ साली इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात एफ. सी. गोवा. तिथे प्रशिक्षक होता खुद्द ब्राझीलचा झिको. २०१५ साली ब्राझीलच्या कुरितिबा शहरातल्या आत्लेतिको पारानाएन्से या क्लबाने त्याला काही महिन्यांसाठी मागून नेले. पाराना राज्याच्या स्पर्धेत एका सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला, शेवटी शेवटी, थोड्या मिनिटांसाठी. ब्राझीलच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळलेला पहिला भारतीय म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. मग तो गोव्याला परतला, भारताकडून खेळला, निरनिराळ्या क्लबांकडून खेळला. त्याच २०१५ च्या डिसेंबरात गोव्याचा संघ फातोर्ड्याला अंतिम सामन्यात पोचला आणि चेन्नईकडून ३-२ असा हरला.

"आणि मग?" टिटवीने विचारले.

"मग काही नाही. खेळत राहिला."

"पाय?"

"पाय वाकडे नाहीत बुवा त्याचे."

टिटवी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थोडी मिनिटं तर थोडी मिनिटं. पण खेळला ना तिथं जाऊन." ही गोष्ट सांगायला मला लौजी ते डोलवली एवढाच वेळ लागला होता, आणि मला वाटते, माझ्या सगळ्या गोष्टींत त्याला आवडली ती हीच.

त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या सरकारी रुग्णालयात झाली. त्याला महिने लागले. पदवीही एक वर्ष मागे पडली, पण झाली. आता तो खालापूरजवळ महामार्गालगतच्या एका मालाच्या गोदामात पाळीवर काम करतो. सकाळची पाळी असेल त्या दिवशी संध्याकाळी वाडीतल्या पोरांना खाचरात खेळवतो. स्वतः धावत नाही. बांधावर उभा राहून ओरडतो.

गेल्या साली दिवाळीनंतर मी तिकडे गेलो होतो. दोन वाड्यांचा सामना होता. उजव्या कडेला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी खेळत होती, आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवीना अशी पळत होती. मध्येच ती लंगडली. उठली, पुन्हा पळाली, पुन्हा लंगडली. टिटवीने हात वर करून सामना थांबवला आणि तिला बाहेर बोलावले.

"मी खेळते, दादा. नाय दुखत."

"बस."

"दोनच मिनिटं राहिली!"

"बस सांगितलं ना."

ती रडत रडत बांधावर येऊन बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर. टिटवीने तिचा पाय हातात घेऊन घोटा सावकाश वळवून पाहिला, कुठे दुखते ते विचारले, पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि मैदानाकडे वळता वळता मला म्हणाला, "सर, हिला जरा गोष्ट सांगा. पण सगळी सांगा."

मुलगी नाक पुसून माझ्याकडे पाहू लागली. सूर्य डोंगराआड जायला अजून थोडा वेळ होता. मी तिला विचारले, गिरणी म्हणजे काय ते तुला माहीत आहे का?

"पिठाची?" ती म्हणाली.